माणगंगेच्या काठाने घोड्यावरून: कोल्हापूरकरांसाठी हिवाळी सफरीचा आराखडा

कोल्हापूरहून कराड, वडूज करत दहिवडी गाठली की उसाचा मुलूख मागे पडलेला असतो. समोर मुरमाड माळ, बाभळी, बोरी, हिवर आणि मधून जाणारं माणगंगेचं रुंद, बहुतेक ठिकाणी कोरडं पात्र. नदी माण तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि म्हसवड, आटपाडी तालुका, सांगोला, मंगळवेढा असं करत भीमेला मिळते. सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. राजस्थानसारखं खरं वाळवंट हे नव्हे, पण घोड्याच्या दृष्टीने अडचणी त्याच आहेत: पाण्याचे टप्पे लांब, जमीन कठीण, पात्रात वाळू, दिवसा ऊन आणि रात्री थंडी.

इथे सफर आखायची ती पाण्यावरून आणि खुरांवरून, किलोमीटरवरून नव्हे. शिवाय कोरडी दिसणारी नदी घोड्यासाठी रस्ता नसते. काठाने चालायचं आणि पात्रात उतरायचं ते फक्त ओलांडायला. पुढचं बहुतेक सगळं या दोन गोष्टींतून येतं.

कधी जायचं

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दिवाळीच्या सुमारास माळावर कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याची कुसळं घोड्याच्या ओठांत, हिरड्यांत, डोळ्यांत घुसतात. डिसेंबर उलटेपर्यंत ती बरीचशी झडून जातात. फेब्रुवारी सरला की दुपारचं ऊन घोड्याला झेपत नाही.

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथोत्सव मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण, ढोल आणि लाखाची गर्दी यांत घोडे नेऊ नका. त्याच्या पुढेमागे चार दिवस सोडूनच तारीख धरा.

जानेवारीत उजाडायला सात वाजतात आणि साडेसहाच्या आत दिवस मावळतो. त्यात दुपारची विश्रांती वजा केली की प्रत्यक्ष चाल पाच-साडेपाच तासांची उरते. पहिल्या दिवशी १५ ते १८ किलोमीटर, नंतर २० ते २५, हे भरपूर झालं. दहिवडी ते गोंदवले, तिथून म्हसवडच्या अलीकडे मुक्काम, मग राजेवाडी तलावाच्या वरच्या अंगाने दिघंची. तीन दिवसांचा हा मार्ग नवख्या गटाला पुरतो.

घोडा कोणता, ओझं किती

उंच, देखणा मारवाडी घोडा पाहून डोळे दिपतात, पण या रानात भीमा-नीरा खोऱ्यातला बुटका, काटक भीमथडी जास्त उपयोगी पडतो. धनगरांच्या बिऱ्हाडाची ओझी वाहणारं हेच ते जनावर, आणि आता त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. मात्र त्याच्यावर किती वजन टाकायचं याचा हिशोब कडक ठेवावा लागतो.

स्वार, खोगीर आणि पिशव्या मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये. वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३६५ किलो, म्हणजे एकूण ओझं ७३ किलो. खोगीर आणि सामान १३ किलो धरलं तर स्वार ६० किलोचा. हा हिशोब अनेकांना जाचतो. भारी स्वाराने मोठा घोडा घ्यावा किंवा सामान सगळं जीपमध्ये टाकून निम्मी वाट पायी चालावी.

खच्ची न केलेला घोडा या सफरीला नको. दिवाळीनंतर माण-खटावकडचे मेंढपाळ कळप आणि घोड्यांसह पश्चिमेकडे निघालेले असतात. त्यांच्यात घोड्या असतात. वास लागला की तुमचा घोडा तुमचा राहत नाही. घोडी किंवा खच्ची घोडा, वय सहा ते पंधरा.

सहा आठवड्यांची तयारी

उसाच्या पट्ट्यात, ओलसर मऊ जमिनीवर बांधलेल्या घोड्याचे खूर मऊ राहतात. तो थेट माणदेशच्या मुरमावर नेला तर दुसऱ्याच दिवशी तळवे ठेचून लंगडतो. म्हणून सहा आठवडे आधीपासून गोठा कोरडा ठेवा आणि रपेट पन्हाळा-जोतिबाच्या बाजूच्या कठीण, चढउताराच्या वाटांवर घ्या.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, पाच ते आठ किलोमीटर, नुसती चाल. पुढचे दोन आठवडे दहा-बारा किलोमीटर, त्यात दहा-दहा मिनिटांच्या दुडक्या. शेवटच्या दोन आठवड्यांत १५ ते १८ किलोमीटर, आणि एकदा तरी लागोपाठ दोन दिवस, पूर्ण सामानासह. खोगीर कुठे घासतं, कुठली पिशवी आदळते, हे त्या दुसऱ्या दिवशीच कळतं. निघण्याआधीचा आठवडा हलका ठेवा.

नाल सफरीच्या सात ते दहा दिवस आधी मारून घ्या. आदल्या दिवशी मारलेल्या नालेचा एखादा खिळा जिवंत भागाला दाबत असेल तर ते वाटेतच कळणार. आणि दीड-दोन महिने जुनी नाल सैल होऊन मुरमावर निघून जाते. नालबंदाकडून प्रत्येक घोड्यासाठी पुढच्या पायाची एक जादा नाल, मापात वाकवून, सोबत घ्या.

पशुवैद्यकाकडून तीन कामं करून घ्या. धनुर्वाताची लस, कारण काटा आणि खिळा या रानात चुकत नाहीत. रक्ततपासणी: ग्लँडर्ससाठी, कारण तो माणसालाही होतो, आणि सर्रासाठी, कारण चावऱ्या माश्यांमुळे पावसाळ्यानंतर तो बळावतो आणि नुसता अशक्तपणा म्हणून दुर्लक्षित राहतो. तिसरं, प्रवासास योग्य असल्याचा दाखला. तो गाडीत हाताशी ठेवा.

खोगीर, लगाम आणि पायातलं

खोगिराखाली लोकरी नमदा सगळ्यांत चांगला. चांगलं घोंगडं चौपदरी घालूनही चालतं, घाम छान शोषतं, पण त्याची घडी किंवा किनार पाठीच्या कण्यावर येऊ देऊ नका. एका दिवसात सोलवटतं. घालताना नमदा थोडा पुढे ठेवून मागे सरकवा म्हणजे केस सरळ बसतात, आणि कण्यावर बोटभर पोकळी राहील असा वर उचलून घ्या.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा), रिकिबीचे पट्टे आणि लगामाची शिवण ओढून तपासा. विरलेली शिवण कोल्हापुरात दुरुस्त करून घेणं सोपं आहे. चपला करणारे कारागीर मेण लावलेल्या दोऱ्याने ती उत्तम बसवून देतात. चप्पल घालून मात्र घोड्यावर बसू नका. टाच नसलेलं पायताण रिकिबीतून आरपार जातं, आणि पडल्यावर पाय तिथेच अडकतो. दोन सेंटिमीटर टाचेचा, गुळगुळीत तळव्याचा बूट हवा. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी बोट-बोटभर रुंद असावी. डोक्याला स्वारीचं हेल्मेट, फेटा नव्हे.

चढउतार असल्याने दुमची, म्हणजे खोगिराला जोडलेला शेपटीखालचा पट्टा, उपयोगी पडते. शेपटीखाली बोटं सहज फिरावीत इतकी सैल ठेवा. लगामाखाली मोरकी राहू द्या, म्हणजे थांबल्यावर घोडा मोरकीने बांधता येतो. लगामाने बांधलेला घोडा बुजून मागे ओढतो तेव्हा जिभेला जखम होते.

चारा-पाणी

साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात किलोच्या आसपास सुका चारा, दोन किलो खुराक दोन-तीन वेळांत विभागून, आणि ४० ग्रॅम मीठ. खुराक म्हणजे भिजवलेला हरभरा, जव किंवा ओट आणि गव्हाचा कोंडा. चार घोडे, प्रवासासह चार दिवस, म्हणजे चाराच ११२ किलो. तो घरूनच न्या. घोड्याच्या पोटाला नवा चारा अंगवळणी पडायला सात ते दहा दिवस लागतात.

गळीत हंगामात आपल्याकडे घोड्यांपुढेही उसाचं वाडं पडतं. निघण्याआधी दहा दिवस ते हळूहळू कमी करत सुक्या गवतावर या. वाड्यावरून एकदम कडब्यावर नेलेला घोडा पोटशुळाला आमंत्रण देतो.

वाटेत शाळू उभा असेल. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली किंवा फुटव्याची ज्वारी घोड्याला तोंडही लावू देऊ नका. तिच्यात सायनाइडचा अंश असतो. (शेतकरी चिडेल तो वेगळाच.) देवळात, धर्मशाळेत मुक्काम असेल तर आधी कण्हेर कुठे आहे ते बघा. तिची थोडी पानंही घोड्याला मारायला पुरतात, आणि आपल्याकडे देवळाच्या आवारात कण्हेर हमखास असते. गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य कोणी प्रेमाने दिलं तरी नको. त्यात युरिया किंवा मोनेन्सिन (खाद्यात मिसळतात ते औषध) असू शकतं, आणि मोनेन्सिन घोड्याच्या हृदयावर जातं.

वाळूवर चारा टाकू नका. घोडा चाऱ्याबरोबर वाळू गिळतो, ती आतड्यात साठते आणि पोट दुखतं. खुराक तोबऱ्यातून, चारा ताडपत्रीवर. शंका आली तर मूठभर लीद बादलीभर पाण्यात कालवून थांबा. तळाशी वाळू बसली तर जागा बदला.

पाणी दिवसाला घोड्यामागे ३० ते ४० लिटर. मागून येणाऱ्या जीपमध्ये ५०० लिटरची टाकी असली की चार घोड्यांचे तीन दिवस निभतात, आणि गावातल्या नळावर ती पुन्हा भरता येते. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं आणि घोडा नुसतं तोंड बुडवून बाजूला होतो. यावर जुना उपाय: घरीच आठवडाभर आधीपासून पाण्यात किंचित गूळ विरघळवून द्या, बादलीला सुपारीएवढा खडा पुरे. वाटेत कुठलंही पाणी त्याच चवीचं करून दिलं की घोडा पितो. कोल्हापूरकराला गुळाची काय वाण! हिरवी साय धरलेल्या डबक्याचं पाणी मात्र कितीही तहान असली तरी नाही.

तापलेल्या घोड्याला पाणी तोडू नका. चार-पाच लिटर पाजा, दोन-तीन मिनिटं चालवा, पुन्हा पाजा.

गाडीतून नेताना

दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, घोडे असताना पाच तास धरा. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ता अडवतात, म्हणून पहाटे निघा. गाडीच्या फळीवर रबरी चटई किंवा जाड भुसा, कडेच्या पत्र्याला कुठे टोक नाही ना ते हाताने चाचपा. दर दोन तासांनी थांबून पाणी दाखवा. उतरल्यावर त्या दिवशी फक्त अर्धा तास हाताने फिरवणं, खुराक निम्मा.

रोजचा क्रम

साडेपाचला चारा-पाणी. खुराक स्वारीच्या किमान दीड तास आधी संपलेला हवा. सातला खरारा, खूर साफ करणं, पाठीवर हात फिरवून गरम किंवा दुखरी जागा शोधणं. साडेसातला निघा. पहिली वीस मिनिटं फक्त चाल. दहा मिनिटांनी उतरून तंग पुन्हा आवळा, कारण पोट फुगवून बसलेला घोडा तोवर सैलावतो. दर तासाला दहा मिनिटं थांबा, त्यातली पाच उतरून पायी.

साडेअकरा ते अडीच सावली. तंग सैल करा, पण खोगीर लगेच उतरवू नका. दाबलेल्या पाठीत एकदम रक्त आलं की सूज येते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी काढा. काढल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच तळहाताएवढं कोरडं असेल तर तिथे खोगीर दाबतंय. नमदा तिथे नीट करा, नाहीतर संध्याकाळी फोड दिसेल.

थांबल्यावर नाडी मोजा: डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून १५ सेकंद, गुणिले चार. विश्रांतीत ती २८ ते ४४ असते. थांबल्यानंतर वीस मिनिटांत ६४ च्या खाली आली नाही तर त्या दिवसाची स्वारी संपली. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट नेहमीचा.

पात्र ओलांडताना

टेंभू योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे, तर उरमोडीसारख्या योजनांचं माण-खटावकडे येतं आणि आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, काळात कोरडे ओढे, नदीही वाहू लागते. म्हणून रोज सकाळी गावात पहिला प्रश्न हाच: “दादा, आवर्तन सुटलंय का?” काल कोरडी असलेली वाट आज चिखल झालेली असू शकते.

नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ साचतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, पण खाली लोण्यासारखा. घोड्याचं वजन चार लहान ठिकाणी पडतं, त्यामुळे माणूस चालून गेला तिथे घोडा पोटापर्यंत रुतू शकतो. खालच्या अंगाला पाण्याने खोदलेला डोह आणि काँक्रीटचे तुकडे. दोन्ही बाजूंनी किमान १०० मीटर लांब ओलांडा. बंधाऱ्यावरूनच जावं लागलं तर उतरून, एकेक घोडा, मोरकी धरून. कठडे नसतात. राजेवाडीच्या तलावाचा उतरलेला काठही असाच फसवा, तिथे पाण्यापर्यंत घोडा नेऊ नका. बादली न्या.

वाळू उपशाचे खड्डे दुसरी डोकेदुखी. वाऱ्याने कडा बुजतात आणि वरून सपाट दिसतं. आधी एकाने काठी टोचत पायी जावं. बैलगाडीची किंवा जनावरांची ताजी चाकोरी असेल तीच धरा. वाळूत चाल ताशी साडेतीन-चार किलोमीटरवर येते, येऊ द्या. नाल बुडून घोट्यापर्यंत वाळू आली की उतरून चाला. खोल वाळूत दुडकी किंवा भरधाव म्हणजे पुढच्या पायाची शीर (कंडरा) दुखावणं, आणि ती बरी व्हायला महिनोन्महिने लागतात.

घोडा रुतलाच तर पाठीवरून लगेच उतरा, लगाम सैल सोडा, तंग सोडून खोगीर काढा. ओढाताण नको. थोडा दम घेऊ द्या, पायांभोवतीचा गाळ हाताने मोकळा करा आणि ज्या बाजूने आलात त्याच बाजूला तोंड वळवून उठवा.

वाटेवरची माणसं, तारा, पवनचक्क्या

मेंढ्यांचा कळप समोरून आला तर रस्ता सोडून वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा. धनगराची कुत्री पाय धरायला येतात. पळू नका, घोड्याचं तोंड कुत्र्याकडे करा आणि मालकाला हाक मारा. शेताभोवती रानडुकरांसाठी झटका मशीनच्या बारीक तारा असतात, उन्हात दिसत नाहीत. बांधावरून जाण्याआधी शेतकऱ्याला विचारणं रीतीचंही आणि सोयीचंही. पवनचक्क्यांच्या पठारावर पात्यांची सावली जमिनीवरून सरकली की घोडे बुजतात. सकाळ-संध्याकाळ सावल्या लांब असताना तिथून जाणं टाळा. मुक्कामाच्या गावी पोलीस पाटलाला आधी कळवा.

रात्री बांधणं

दोन मजबूत झाडांमध्ये डोक्याच्या वर, साधारण दोन मीटर उंचीवर, ताणलेला दोर आणि त्याला मोरकीचा दोर. दोन घोड्यांत तीन मीटर अंतर. अगाडी-पिछाडीची (पुढून-मागून बांधायच्या दोरांची) सवय नसलेल्या घोड्याला ती इथे पहिल्यांदा घालू नका, पाय गुंतवून घेतो. झाडं नसतील आणि जमीन वाळूची असेल तर मेख धरत नाही. पोत्यात वाळू भरून, मध्ये दोर बांधून, हात-दीड हात खोल आडवं पुरा. ते हलत नाही.

दिवसाचं ३० अंशांचं ऊन पहाटे १०-१२ वर येतं. घामेजलेल्या घोड्यावर झूल टाकू नका. आधी चालवून, गवताच्या पेंढीने चोळून कोरडा करा, मग झूल.

बिघडलं तर

पोटशूळ: घोडा कुशीकडे वळून बघतो, पाय आपटतो, लोळतो, लीद बंद. खाद्य काढून घ्या, हळू चालवा, पशुवैद्यकाला फोन करा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक आहे. गावात कोणीतरी नळ्याने तेल पाजायला निघेलच. पाजू देऊ नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

स्नायू आखडणं: विश्रांतीच्या दिवशी पूर्ण खुराक खाऊन दुसऱ्या दिवशी निघालेला घोडा पंधरा-वीस मिनिटांत ताठरतो, पुठ्ठे दगडासारखे होतात, लघवी कॉफीच्या रंगाची येते. इथे पोटशुळाच्या उलट वागायचं. एक पाऊलही चालवू नका, जागेवरच झूल टाका, पाणी ठेवा, गाडी तिथे आणा. हे टाळायला विश्रांतीच्या दिवशी खुराक निम्म्याहून कमी करा.

काटा: बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा काटा खुराच्या तळाशी मऊ त्रिकोणी भागात मोडला तर उपसण्याआधी जागा आणि तिरपेपणा पेनाने खुरावर खूण करून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. काढून झाल्यावर छिद्र मिटतं आणि पशुवैद्यकाला खोली कळत नाही. आयोडीन, कापूस, वरून पट्टी आणि जाड टेप. त्या घोड्यावर मग कोणी बसायचं नाही.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून बाहेर काढताना पहिली दहा पावलं लक्ष देऊन बघा, मग चारही पायांच्या शिरांवरून हात फिरवा. एक पाय बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं गार पाण्याची धार. खुराक तीन-चार दिवस निम्मा, रोज अर्धा तास मोकळं फिरणं. वाडं पुन्हा सुरू करायचं असेल तर तेही आठवडाभरात, थोडं थोडं वाढवत.